रिलिंक्विश : असलेले सोडण्याची क्रिया
मराठीतील ‘सोडणे’ गाव, नोकरी, व्यसन, उपास अशा सगळ्यांना पुरते, मात्र इंग्रजीतील ‘रिलिंक्विश’ या क्रियापदाचा आवाका त्यामानाने बराच आटोपशीर असून, जे आपल्या ताब्यात किंवा अधिकारात आहे त्यावरची पकड स्वतः, पुष्कळदा जड मनाने, सोडणे हा त्याचा मुख्य अर्थ आहे. त्यामुळे पद, सत्ता, ताबा आणि हक्क यांच्याशीच ते अधिक जुळते.

‘रिलिंक्विश’चे मूळ लॅटिन ‘रेलिंक्वेरे’ म्हणजे मागे ठेवून जाणे. त्यातील ‘लिंक्वेरे’ आणि संस्कृत ‘रिच्’ हे धातू एकाच मूळ धातूपासून निघाले, असे भाषाभाषांतील नाती शोधणारे तुलनात्मक भाषाशास्त्र मानते. ‘रिच्’पासून ‘रिक्त’ आणि ‘अतिरेक’ आले, तसाच ‘रिक्थ’ म्हणजे मृताने मागे ठेवलेली संपत्ती हा धर्मशास्त्रातील शब्दही आला.

महाराष्ट्रात सामान्य माणसाची या क्रियापदाशी गाठ पडते ती याच वारशाच्या व्यवहारात, ‘रिलिंक्विशमेंट डीड’ म्हणजे हक्कसोडपत्राच्या रूपाने. सहहिस्सेदाराने आपला हिस्सा दुसऱ्या हिस्सेदाराच्या लाभात सोडल्याचा हा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवला जातो आणि फेरफार मंजूर झाला की सात-बाऱ्यावरचे नाव कमी होते. हिंदू वारसा कायद्यात राज्याने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दुरुस्ती करून मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हिस्सा असलेली व्यक्ती, ठरवले. तरीही माहेर तुटू नये म्हणून कितीतरी बहिणी मुकाट्याने सही करतात, ही दुःखाची गोष्ट आहे.

येथे क्रियापदाचा नेमका अर्थ कामी येतो. जे आहे तेच सोडता येते, म्हणून वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीवरचा हक्क सामान्यतः सोडता येत नाही, कारण तो मुलीला तेव्हा मिळालेलाच नसतो. शिवाय सोडणे स्वेच्छेने व्हावे लागते. धाकाने, फसवणुकीने किंवा गैरवाजवी दबावाने घेतलेल्या सहीचे हक्कसोडपत्र न्यायालयाकडून रद्द करून घेता येते, मात्र त्यासाठी मुदतीत दावा लावावा लागतो आणि दबाव सिद्ध करण्याचा भार बहुधा त्या बहिणीवरच पडतो.