बाळाचं डोकं झपाट्याने वाढतंय? 'डँडी-वॉकर' या लहान मेंदूच्या जन्मजात दोषाबद्दल जाणून घ्या

पनवेल | प्रतिनिधी

बाळाला आंघोळ घालताना टाळू भरायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. आजीचा किंवा न्हाऊ घालणाऱ्या मावशीचा हात रोज त्या टाळूवरून फिरतो. शांत असलेल्या बाळाची टाळू मऊ आणि सपाट, किंचित खोलगट लागते. बाळ रडत नसतानाही ती फुगलेली, ताठ लागत असेल, तर ते तेल कमी पडल्याचं लक्षण नाही. आत पाणी साचून मेंदूवर दाब येत असल्याची ती खूण असू शकते. असा दाब वाढण्याचं एक दुर्मीळ कारण म्हणजे 'डँडी-वॉकर' दोष.

लहान मेंदू करतो काय?

डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर लहान मेंदू असतो. आकाराने तो पूर्ण मेंदूच्या साधारण दहाव्या भागाएवढा, पण मेंदूतल्या निम्म्याहून जास्त चेतापेशी त्याच्यात असतात. तोल सांभाळणं, पाऊल नीट टाकणं, घास बरोबर तोंडापर्यंत नेणं, स्पष्ट बोलणं ही सगळी जुळवाजुळव तो करतो. त्याचे उजवा आणि डावा असे दोन भाग असतात आणि मधला पट्टा त्यांना जोडतो.

डँडी-वॉकरमध्ये हा मधला पट्टा पोटातच नीट तयार होत नाही. त्याच्या पुढे असलेली पाण्याची पोकळी फुगून मागच्या बाजूला पिशवीसारखी पसरते. बऱ्याच बाळांत मेंदूतलं पाणी वाहून जाण्याची वाट अडते आणि डोक्यात पाणी साचतं. त्यालाच डॉक्टर 'हायड्रोसेफलस' म्हणतात.

1914 साली वॉल्टर डँडी आणि 1942 साली वॉकर या डॉक्टरांनी याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव पडलं. साधारण 25 ते 35 हजार जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो.

दोष कोणाचा?

गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली, सून ऐकत नव्हती, नजर लागली असं काहीबाही बोललं जातं. यातलं एकही कारण खरं नाही. काही बाळांत गुणसूत्रांचा किंवा जनुकांचा बदल सापडतो. गरोदरपणात झालेला रुबेला, आईचा आटोक्यात नसलेला मधुमेह, दारू आणि रक्त पातळ करणारी काही औषधं यांच्याशीही संबंध दिसला आहे. अनेकदा मात्र नेमकं कारण सापडतच नाही. म्हणून आईला बोल लावू नका. पुढच्या बाळंतपणाआधी डॉक्टरांना पहिला इतिहास मात्र जरूर सांगा.

पोटात असतानाच कळतं का?

बऱ्याचदा कळतं. त्यासाठी 18 ते 20 आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नये. मधला पट्टा पूर्ण तयार व्हायला साधारण तेवढा काळ लागतो. त्याआधीच्या सोनोग्राफीत जागा मोकळी दिसली म्हणून लगेच घाबरू नका, ती पुन्हा तपासावी लागते. शंका राहिली तर पोटातल्या बाळाचा एमआरआय आणि गुणसूत्रांची तपासणी सुचवतात.

ही सोनोग्राफी कायदेशीर आहे. कायद्याने बंदी आहे ती मुलगा की मुलगी हे सांगण्यावर.

गंभीर दोष निघाला तर 2021 च्या दुरुस्त कायद्यानुसार दोन डॉक्टरांच्या मताने 24 आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. त्यानंतर वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते. गर्भ ठेवायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क त्या बाईचा आहे. पण तपासणीलाच उशीर झाला तर विचार करायला वेळ उरत नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी असते, ती चुकवू नका.

जन्मानंतर काय बघायचं?

जन्माच्या वेळी डोक्याचा घेर साधारण 33 ते 35 सेंटीमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला साधारण 2 सेंटीमीटर वाढतो, पुढचे तीन महिने 1 सेंटीमीटर आणि नंतर त्याहून हळू. टेप भुवयांच्या वरून आणि मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून घ्या आणि माप तारखेसह बाळाच्या कार्डावर लिहून ठेवा. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांना ते दाखवा.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका :

- डोकं झपाट्याने वाढणं, टाळू फुगलेली राहणं
- वारंवार उलट्या, सतत किरकिर किंवा खूप सुस्ती
- डोळ्यांची बुबुळं खाली झुकलेली दिसणं
- झटके येणं
- अंग सैल असणं. मान धरणं, बसणं, चालणं उशिरा होणं

इलाज आहे का?

न घडलेला मधला पट्टा परत तयार करता येत नाही. पण साचलेल्या पाण्याचा दाब कमी करता येतो. त्यासाठी 'शंट' बसवतात. ही एक बारीक नळी असते. ती कातडीखालून डोक्यातलं जादा पाणी पोटात नेते आणि तिथे ते जिरतं. ऑपरेशन वेळेवर झालं तर मेंदूचं पुढचं नुकसान टळू शकतं.

शंट बसला म्हणजे काम संपलं असं नाही. नळी तुंबू शकते, तिला जंतुसंसर्ग होऊ शकतो. उलट्या, ताप, डोकेदुखी, सुस्ती किंवा नळीवरची जागा लाल दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

मूल पुढे कसं होईल हे बाकी मेंदू, हृदय आणि गुणसूत्रं कशी आहेत यावर अवलंबून असतं. काही मुलं शाळेत जातात आणि शिकतात, काहींना कायम आधार लागतो. दोघांनाही फिजिओथेरपी जितकी लवकर सुरू होईल तितकी बरी.

जायचं कुठे?

नेरे, वावंजे, आपटा परिसरातल्या पालकांनी आधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय गाठावं. तिथून पुढे कामोठ्याच्या एमजीएम किंवा परळच्या केईएम, वाडिया रुग्णालयात जाता येतं. परळसाठी पनवेल लोकलने कुर्ल्याला उतरून गाडी बदलावी लागते. झटके येत असतील तर लोकलच्या नादी न लागता 108 ला फोन करा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त ठरलं तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या, पुढच्या बहुतेक सवलतींसाठी ते लागतं.

घरात तान्हं बाळ असेल तर आजच टेप घेऊन माप लिहा. महिन्याभराने पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक जास्त वाटला तर कार्ड घेऊन थेट डॉक्टरकडे जा.

(ही माहिती जनजागृतीसाठी आहे. उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.)