स्थळप्रतीचा अधिकार कोणाचा?

कोणत्याही कचेरीत आवक-जावक विभागाला फारसा मान नसतो. परंतु त्याच्यावाचून कारभार एक दिवसही चालत नाही. आलेल्या लखोट्यावरील पत्ता वाचावा, तो योग्य टेबलावर पोचवावा, आतला मजकूर मात्र वाचू नये, हे त्या विभागाचे ब्रीद. आज कचेऱ्या, बँका आणि महाविद्यालये यांतील संगणकांच्या जाळ्यात हेच काम ‘इथरनेट स्विच’ नावाची एक पेटी करते. भिंतीवरच्या कपाटात हिरवे दिवे लुकलुकवीत बसलेल्या या पेटीतील चिप नेमके काय करते, हे जाणून घेण्याची गरज तंत्रज्ञांखेरीज सहसा कोणास वाटत नाही. वस्तुतः ती वाटावयास हवी. टपाल वाहणाऱ्याच्याच हाती टपालाची नक्कल करण्याचे साधन आलेले आहे. ते कोणी, केव्हा आणि कशासाठी वापरावे याचा विचार मात्र फार थोड्या ठिकाणी झालेला दिसतो.

सामाईक तार

इथरनेटची कल्पना १९७३ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे, झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी आकारास आणली. त्या व्यवस्थेत सर्व संगणक एकाच तारेला जोडलेले असत. एकाने पाठविलेला मजकूर सर्वांच्या दारावरून जाई. ज्याच्या नावाचा असेल त्याने तो घ्यावा, इतरांनी सोडून द्यावा, असा संकेत होता. दोघे एकदम बोलू लागले की मजकुरांची टक्कर होई व दोघांनाही थांबून पुन्हा प्रयत्न करावा लागे. चाळीतील सामाईक गॅलरीसारखाच हा प्रकार होता. ऐकावयाचेच ठरविले तर कोणीही कोणाचेही ऐकू शके. पण आपले बोलणे ऐकले जाण्याचा संभव आहे, हेही जाणत्यांस ठाऊक असे.

१९९० साली ‘कल्पना’ या अमेरिकेतील कंपनीने पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक. १९९४ साली सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. स्विचमुळे प्रत्येक संगणकाला स्वतंत्र तार मिळाली आणि टकरी थांबल्या.

पत्ता आणि चिठ्ठी

संगणकाचा मजकूर लहान लहान तुकड्यांनी जातो. त्या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, असे ४८ बिटांचे दोन पत्ते असतात. पॅकेट आले की चिप प्रथम पाठविणाऱ्याचा पत्ता पाहते आणि ‘हा पत्ता अमुक दाराशी आहे’ अशी नोंद आपल्या तक्त्यात करते. मग घेणाऱ्याचा पत्ता त्याच तक्त्यात शोधून पॅकेट तेवढ्याच दाराने बाहेर काढते. पत्ता न सापडल्यास, ज्या दाराने पॅकेट आले ते वगळून बाकी सर्व दारांनी त्याच्या प्रती सोडते. काही काळ, बहुधा ३०० सेकंद, ज्याचा वावर दिसला नाही त्याची नोंद आपोआप पुसली जाते. एक गिगाबिटच्या एका तारेवरून सर्वांत लहान आकाराची पॅकेटे सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार येऊ शकतात. इतक्या वेगाने निर्णय घ्यावयाचे, म्हणून हे काम सर्वसाधारण प्रोसेसरवर न सोपविता चिपच्या मंडलांतच कोरून ठेवलेले असते.

याच्या जोडीला ‘टॅग’ची योजना आहे. १९९८ साली तिचे प्रमाण ठरले. पॅकेटमध्ये चार बाइटांची एक चिठ्ठी घालावयाची. तिच्यातील १२ बिटांत गटाचा क्रमांक आणि ३ बिटांत निकडीची पायरी. यामुळे एकाच तारेवरून ४,०९४ निरनिराळी जाळी नांदू शकतात. परीक्षा विभाग, हिशेब विभाग आणि विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा हे तिन्ही एकाच स्विचला जोडलेले असूनही एकाचे पॅकेट थेट दुसऱ्यात जात नाही. साध्या संगणकाला पॅकेट देण्यापूर्वी चिप ही चिठ्ठी काढून घेते. आपण कोणत्या गटात आहोत, हे त्या संगणकास कळतही नाही.

आरशाची सोय

सामाईक तारेवर जाळ्यातील बिघाड शोधणे सोपे होते. कोठेही बसून सर्व ऐकता येत असे. स्विचने ते बंद केल्यावर दुरुस्ती करणाऱ्यांची अडचण झाली. तिच्यावरील उपाय म्हणजे ‘मिररिंग’. अमुक दाराने जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक पॅकेटची एक प्रत तमुक दाराने बाहेर काढ, अशी आज्ञा चिपला देता येते. मूळ पॅकेट आपल्या वाटेने जाते. पाठविणाऱ्याला वा घेणाऱ्याला कसलीही चाहूल लागत नाही. या प्रतींवर वेगळी चिठ्ठी लावून त्या दुसऱ्या इमारतीतील स्विचपर्यंत नेता येतात. पाहणारा जवळ असलाच पाहिजे असे नाही.

ही सोय निरुपयोगी वा दुष्ट आहे असे कोणी म्हणणार नाही. घुसखोरीचा शोध आणि बिघाडाची तपासणी तिच्यावाचून कठीण होईल. तथापि घडले ते असे : पूर्वी ऐकण्याची शक्यता सर्वांना होती, स्विचने ती सर्वांकडून काढून घेतली आणि मिररिंगने ती एकट्या व्यवस्थापकाच्या हाती दिली. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर ही माहितीची मक्तेदारी होय. आणि मक्तेदारी आली की नियमनाचा प्रश्न येतोच.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, आता बहुतेक मजकूर सांकेतिक लिपीत जातो, तेव्हा प्रत काढून हाती काय लागणार? आतील मजकूर लागत नाही, हे खरे. परंतु कोण, कोणाशी, केव्हा आणि किती बोलले, हे लागतेच. कर्मचारी संघटनेच्या कार्यालयाशी कोणाचा संपर्क वाढला, एवढे कळणेही एखाद्या कारकुनाची बदली होण्यास पुरेसे ठरू शकते. दुसरा आक्षेप असा की, अशी प्रत हा निर्विवाद पुरावा असतो. तोही टिकत नाही. एक गिगाबिटच्या तारेवर दोन्ही दिशांनी मिळून दोन गिगाबिट वाहतूक होऊ शकते. तिची प्रत एक गिगाबिटच्या दाराने काढू गेल्यास उरलेल्या प्रती मूकपणे टाकून दिल्या जातात. आरशात दिसले नाही म्हणून घडलेच नाही, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

नोंदवहीवाचून अधिकार

ऐकण्याची सोय असावी आणि तिची नोंद नसावी, यातून काय ओढवते हे ग्रीसने अनुभवले आहे. तेथे २००४-०५ साली टेलिफोन केंद्रातील कायदेशीर श्रवणाच्याच यंत्रणेचा गुप्तपणे वापर करून पंतप्रधानांसह सुमारे शंभर व्यक्तींचे मोबाइल संभाषण महिनोन् महिने ऐकले गेले. ऐकण्याची यंत्रणा तेथे बसविलेली होती. तिचे हुकूम नोंदविणारा भाग बसविलेला नव्हता.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दूरध्वनी-श्रवणाच्या खटल्यात लेखी आदेश, दोन महिन्यांची मुदत आणि पुनर्विलोकन समिती अशी बंधने घातली. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पण कचेरीच्या कपाटातील स्विचवर दोन ओळींची आज्ञा टाइप करणाऱ्याला कोणाचा आदेश लागतो? पुष्कळ ठिकाणी कोणाचाच नाही.

उपाय खर्चिक नाही. कोणत्या दाराची प्रत, कोणाच्या हुकमाने, कोणत्या कारणासाठी, केव्हापासून केव्हापर्यंत, एवढे चार रकाने असलेली नोंदवही ठेवावी. व्यवस्थापकाहून वेगळ्या व्यक्तीने ती दरमहा तपासावी. स्विचवरील बदलांची नोंद दुसऱ्या यंत्रावर आपोआप पाठविण्याची सोय व्यवस्थापनयोग्य स्विचमध्ये असते. ती चालू करावी. आणि अशी तपासणी होऊ शकते, हे जाळे वापरणाऱ्या शिक्षक, कारकून व विद्यार्थ्यांना आधी लेखी कळवावे. साध्या पत्राची स्थळप्रत ठेवतानाही तिच्यावर जावक क्रमांक घालणाऱ्या कचेऱ्यांना, माणसांच्या संभाषणाची प्रत काढताना तेवढीच शिस्त पाळणे जड जाऊ नये.