ऑनलाइन लिलावातील जुने विमान : बोलीपूर्वी वाचावयाच्या नोंदी

अमेरिकेत जुनी मोटार जशी संकेतस्थळावरील लिलावात विकली जाते, तसे जुने छोटे विमानही विकले जाते. काही छायाचित्रे, एकूण उड्डाणतास, शेवटच्या तपासणीची तारीख आणि बोलीची मुदत दाखविणारे घड्याळ, एवढ्या सामग्रीवर लाखो रुपयांचा निर्णय घ्यावयाचा असतो. हा प्रकार नवा नाही. २००१ मध्ये ईबेवर एक गल्फस्ट्रीम जेट ४९ लाख डॉलरना विकले गेले होते. तथापि खासगी ग्राहकाच्या आवाक्यात येतात ती दोन वा चार आसनांची, एका पिस्टन इंजिनाची विमाने, आणि त्यांपैकी कित्येक ग्राहकाहून वयाने मोठी असतात.

त्याला कारण आहे. सेसना १७२ हे जगात सर्वाधिक संख्येने, ४४ हजारांहून अधिक, तयार झालेले विमान. अपघातांनंतरच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांचा भार असह्य झाल्याने कंपनीने १९८६ मध्ये त्याचे उत्पादन थांबविले. अठरा वर्षांहून जुन्या छोट्या विमानांबाबत उत्पादकावरील दाव्यांना मर्यादा घालणारा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १९९६ मध्ये उत्पादन पुन्हा सुरू झाले. त्यामुळे १९६० व १९७० च्या दशकांतील विमाने आजही मोठ्या संख्येने हातोहात फिरतात. वय हा त्यांचा दोष नव्हे. विमानाचा जवळजवळ प्रत्येक भाग दुरुस्त करता वा बदलता येतो; फक्त त्याची नोंद हवी.

म्हणूनच लिलावात पाहावयाची पहिली गोष्ट रंग नव्हे, तर सांगाडा, इंजिन व पंखा यांची लॉगबुके. अमेरिकेचे संघीय विमान वाहतूक प्रशासन, म्हणजे एफएए, एखाद्या प्रकारच्या विमानात धोका आढळल्यास बंधनकारक निर्देश काढते. सेसनाच्या आसनांचे रूळ झिजल्यास उड्डाण घेताना वैमानिकाचे आसन मागे घसरते आणि हातातील नियंत्रणदंडही त्याच्याबरोबर ओढला जातो. त्यासाठीचा तपासणी-निर्देश वर्षानुवर्षे लागू आहे. लॉगबुक हरवले असेल, तर अशा प्रत्येक निर्देशाची पूर्तता नव्याने सिद्ध करण्याचा खर्च नव्या मालकावर पडतो.

विमानाचा पूर्वेतिहासही तेथेच कळतो. एप्रिल २०१८ मध्ये फ्लोरिडातील डेटोना बीच येथे प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या पायपर विमानाचा पंख हवेतच तुटला व त्यातील दोघेही मृत्युमुखी पडले. पंखाच्या मुख्य तुळईत धातूच्या थकव्यामुळे भेग पडली होती. वारंवार चढउतार करणाऱ्या प्रशिक्षण विमानाचा एक तास आणि खासगी मालकाच्या विमानाचा एक तास सारखा नसतो, हे त्यानंतरच्या निर्देशातील हिशेबाच्या सूत्रातही मान्य झाले.

इंजिनाच्या बाबतीत मात्र कमी तासांची भुरळ फसवी ठरू शकते. १९६८ नंतरच्या बहुतेक सेसना १७२ मध्ये लायकमिंग इंजिने आहेत. संपूर्ण दुरुस्तीपूर्वी सामान्यतः २,००० तास अथवा १२ वर्षे, अशी उत्पादकाची शिफारस असते. यातील वर्षांकडे जाहिराती सोयीस्करपणे दुर्लक्ष करतात. या इंजिनाचा कॅमशाफ्ट वरच्या बाजूस असल्याने विमान उभे राहिले की त्यावरील तेल ओघळून जाते व गंज धरतो. दहा वर्षांत शंभर तास उडालेल्या इंजिनापेक्षा दर आठवड्याला उडणारे जुने इंजिन पुष्कळदा अधिक विश्वासार्ह असते. संपूर्ण दुरुस्तीचा खर्च हजारो डॉलरचा असतो, हे ध्यानात घेतले की स्वस्त बोली स्वस्त राहत नाही.

‘नुकतीच वार्षिक तपासणी झाली आहे’ या वाक्यावरही विसंबू नये. वार्षिक तपासणी नियमांत निश्चित केलेली आहे. खरेदीपूर्व तपासणीची व्याख्या नियमांत नाही. ती काय असावी हे ग्राहकानेच ठरवावयाचे असते, आणि त्या विमानाची देखभाल पूर्वी न केलेल्या तंत्रज्ञाकडून ती बोलीपूर्वी करून घ्यावयाची असते. शासकीय लिलावांत तर आपल्याकडील बँकांच्या जाहिरातींप्रमाणे ‘जसे आहे, जेथे आहे’ हेच तत्त्व असते. तपासणीस नकार देणाऱ्या विक्रेत्याचे विमान सोडून द्यावे, हे बरे.

मालकीचा प्रश्न सातबाऱ्यासारखाच आहे. नोंदणी प्रमाणपत्र हा अमेरिकी कायद्यानुसार मालकीचा पुरावा नाही. विक्रीपत्रे व कर्जाचे बोजे ओक्लाहोमा सिटी येथील एफएएच्या दप्तरात नोंदविले जातात. पैसे देण्यापूर्वी त्यांचा शोध घ्यावा लागतो. शिवाय अमेरिकी नोंदणी तेथील नागरिक, कायम रहिवासी अथवा पात्र संस्थांनाच मिळते. वैमानिक प्रशिक्षणासाठी तेथे गेलेल्या भारतीय विद्यार्थ्याला विमान स्वतःच्या नावावर करता येत नाही.

ते भारतात आणावयाचे, तर वाट अधिक लांब आहे. आंतरराष्ट्रीय करारानुसार विमानाची नोंदणी एका वेळी एकाच देशात राहू शकते. म्हणून अमेरिकी नोंदणी रद्द होणे, आयातीची परवानगी, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून व्हीटी नोंदणी आणि उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र हे टप्पे पार करावे लागतात. तोवर विमान उभे राहते आणि उभ्या विमानाचे मोल घटते. विजय मल्ल्या यांच्या जप्त केलेल्या एअरबस विमानासाठी २०१६ मध्ये १५२ कोटी रुपयांची राखीव किंमत ठेवण्यात आली होती. मुंबई विमानतळावर पडून राहिलेले ते विमान अनेक फसलेल्या लिलावांनंतर २०१८ मध्ये ३४.८ कोटींना विकले गेले.