अंधारात आळणारा थर

सुरतेच्या पांडेसरा या कापडछपाईच्या भागात पाच रंगांची साडी छापायची तर पाच फ्रेमा लागतात. जाळीवर इमल्शनचा पातळ थर ओढायचा, वाळवायचा, नक्षीची पॉझिटिव्ह फिल्म लावून प्रकाश दाखवायचा. उजेड लागेल तिथला थर कडक होतो. काळ्या नक्षीआड राहिलेला पाण्याने धुऊन जातो आणि तेवढ्याच वाटेने रंग कापडावर उतरतो.

पण बायक्रोमेट हे रसायन घातलेल्या जुन्या थराची एक खोड होती. आज थर दिलेली फ्रेम काळोखात ठेवली तरी उद्या नक्षी धुतली जाईना! उकाडा आणि दमट हवा असली की जास्तच. उजेड शिरलाच नव्हता, मग थर आळला कसा?

उत्तरासाठी १८३९ सालात जावं लागतं. स्कॉटलंडच्या मंगो पाँटनने पोटॅशियम बायक्रोमेटमध्ये बुडवलेला कागद उन्हात धरला. झाकलेला भाग फिका राहिला, बाकीचा गडद झाला. महागड्या चांदीच्या क्षारांना स्वस्त पर्याय सापडला, आणि त्याने त्याचं पेटंटही घेतलं नाही. पुढे १८५२मध्ये छायाचित्रणाचा इंग्रज संशोधक टॅलबट याने जिलेटिनमध्ये तेच द्रव्य घातलं. उजेड लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळेना. आजच्या फ्रेमचं मूळ इथे आहे. मात्र बायक्रोमेटमधलं क्रोमियम उजेडाची वाट पाहत बसत नाही. उष्णता आणि ओल मिळाली की काळोखातही त्याची क्रिया सावकाश चालूच राहते. शिवाय ते कातडीला जखमा करतं, कर्करोगाला कारण ठरतं.

पुढे आलेल्या डायझो या प्रकाशसंवेदी द्रव्याने हा धोका टाळला, पण ते वापरण्याआधी इमल्शनमध्ये मिसळावं लागतं आणि मिसळलेला डबा काही आठवडेच टिकतो. १९८०च्या सुमारास जपानमध्ये कुनिहिरो इचिमुरा यांनी वेगळी वाट धरली. प्रकाश ओळखणारा स्टिल्बाझोलियम गट त्यांनी पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या साखळीलाच जोडला, आणि तोही शेकडा एक-दोनच. इतके विरळ गट एकमेकांना गाठणार कसे? तरीही थर झपाट्याने कडक झाला! त्यांनी सुचवलेलं कारण फार सुंदर आहे: पाण्याला बिचकणारे हे गट उजेड येण्याआधीच जवळजवळ येऊन उभे असतात. प्रकाश फक्त गाठ मारतो.

यालाच एसबीक्यू फोटोपॉलिमर म्हणतात. डबा उघडा, थर द्या. काही सेकंदांत काम होतं. पण त्यामुळेच वेळेत चूक खपत नाही. जरा जास्त उजेड पडला की बारीक रेघा बुजतात. अशा नक्षीसाठी डायझो किंवा दोन्हींचं मिश्रण बरं. सुरतेत छपाईच्या रंगाची पेस्ट पाण्यातली असते, म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न पाण्यात टिकण्याचाच विचारावा. पावसाळ्यात थर पूर्ण वाळल्याशिवाय प्रकाश दाखवू नये; ओला थर कोणत्याही इमल्शनचा असो, छपाईच्या टेबलावर सुटतोच.

सुरतेतल्या उधना-लिंबायतच्या कितीतरी खानदेशी घरांची चूल कापडधंद्यावर पेटते. मालकांना एवढीच विनंती: नवं इमल्शन थोडं महाग पडलं तरी घ्या, पण बायक्रोमेटचा डबा कारागिराच्या उघड्या हातात देऊ नका.