गुण काढ्याचा की वैरणीचा?

मंडळी, आपल्या आजऱ्यात खोकल्यावर अडुळसा आलाच. मग धाप लागलेल्या घोड्याला त्याचा काढा का नको? अडुळशात व्हॅसिसीन असतं. त्यावरूनच कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन हे औषध निघालं. म्हणजे वनस्पतीत दम आहे.

पण घोड्याची जुनी धाप बहुतेकदा वैरणीतल्या धुळीनं, बुरशीनं वाढते. आणि इथल्या पावसात वैरण बुरसायला वेळ लागत नाही. काढा सुरू केला आणि त्याच वेळी वैरण भिजवून घातली, तर श्रेय कुणाला? चुकून काढ्याला दिलं, तर पुढं बुरसट वैरण चालूच राहते आणि फुप्फुसं खराब होत जातात.

म्हणून आपण सगळ्या घोड्यांना वैरण आणि जागा एकसारखी ठेवू. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना काढा, निम्म्यांना तसंच दिसणारं साधं पाणी. श्वास मोजणाऱ्याला कुणाला काय दिलं ते कळू द्यायचं नाही. निरोगी घोडा उभ्या-उभ्या मिनिटाला साधारण ८ ते १६ श्वास घेतो. दोन्ही गट सारखेच सुधारले, तर गुण काढ्याचा नव्हे.

गाभण घोडी मात्र यात नको. व्हॅसिसीननं गर्भाशय आकुंचन पावतं. आणि उभ्या जागी नाकपुड्या फुगवून धापणारा घोडा चाचणीसाठी थांबवायचा नाही, आधी पशुवैद्य.