घरातलं हिरवं (भाग ५) : मनीप्लँटची पानं लहानच का राहतात?

मागच्या आठवड्यात कुंडीतल्या मातीचं पाहिलं. आज वळू या मनीप्लँटकडे. फ्रिजवर, बाथरूमच्या खिडकीत, सरबताच्या रिकाम्या बाटलीत, कुठंही हा वेल तग धरतो, त्यामुळे त्याची काही निगा राखायची असते हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. तक्रार मात्र घरोघरी एकच: वेल लांबच लांब वाढतो, पण पानं तळहाताच्या पुढे जात नाहीत.

कोकणात किंवा गोव्यात एखाद्या जुन्या वाडीत गेलात, तर आंब्याच्या खोडावर चढलेला एक दांडगा वेल दिसेल. पानं सुपाएवढी, कडेपासून मधल्या शिरेपर्यंत चिरत गेलेली. पाहणाऱ्याला ती जातच वेगळी वाटते. पण तो आपला मनीप्लँटच.

हा वेल मूळचा पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटावरचा. रानात जमिनीवरून सरपटत मोठं झाड गाठायचं आणि उजेडाच्या दिशेनं वर चढायचं, हा त्याचा स्वभाव. पेरांवर जे तपकिरी कोंब दिसतात ती त्याची हवाई मुळं. ती खोडाला घट्ट चिकटली की वेल जाड होतो आणि येणारं नवं पान आधीच्या पानाहून मोठं येतं. वेल लोंबता सोडला की याच्या नेमकं उलट घडतं. आधार सापडत नाही म्हणून तो नुसता पुढं धावतो, दोन पेरांतलं अंतर वाढतं आणि पानं बारीक होत जातात. टांगत्या कुंडीतला मनीप्लँट कितीही वर्षांचा असो, पोरवयातच राहतो.

तेव्हा कुंडीत काथ्या गुंडाळलेली काठी रोवा. वेल बांधताना हवाई मुळांची बाजू काठीकडे हवी, आणि दोरा पेराजवळच्या खोडाला बांधायचा, पानाच्या देठाला नाही. काथ्यावर रोज पाणी शिंपडा, कारण कोरड्या काथ्यात मुळं शिरत नाहीत. इथंच बहुतेकांचा उत्साह आठवड्याभरात ओसरतो. घरात पान सुपाएवढं होणार नाही, पण टांगलेल्या वेलापेक्षा नक्की मोठं होईल.

बाकी मागण्या थोड्या. खिडकीजवळचा उजेड पुरतो. अंधाऱ्या कोपऱ्यात पानांवरचे पिवळे शिंतोडे पुसट होत जातात, दुपारच्या कडक उन्हात पानं करपतात. वरची इंचभर माती सुकली की मगच पाणी घालावं. माती ओली असूनही पानं पिवळी पडत असतील, तर बहुधा मुळं कुजताहेत. तेव्हा आणखी पाणी घालणं म्हणजे त्याचा जीव घेणंच.

मनीप्लँटला फूल आलेलं तुम्ही पाहिलं नसेल. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक त्याच्या अंगात पुरेसं तयारच होत नाही. ते बाहेरून फवारल्यावर वेल फुलला, असं 2016 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. फूल नाही म्हणून बी नाही, आणि म्हणून घरोघरचा वेल कुणाच्या तरी वेलाचा तुकडाच असतो. चोरून आणलेला मनीप्लँटच लाभतो म्हणतात. पैशांचं काही सांगता येत नाही, पण चोरायचाच तर पेरासकट चोरा. नुसतं पान पाण्यात हिरवं राहील, त्याचा वेल काही होणार नाही.

त्याच्या चिकात आणि पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. मांजरानं किंवा रांगत्या बाळानं पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते. घरात दोघांपैकी कुणी असेल तर वेल उंचावर न्या.

आणि बाटलीतल्या मनीप्लँटबद्दल, विशेषतः पावसाळ्यात: डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्याशी अंडी घालतो. ती पाण्याच्या पातळीच्या जरा वर, काचेला चिकटलेली असतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतून दिलं तरी तिथंच राहतात. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवा, वेल बाहेर काढा, बाटली आतून ब्रशनं खसाखसा घासा आणि मगच ताजं पाणी भरा.