फ्रेंच गावातले ब्रिटिश शेजारी
परमुलखातील वस्त्या : लेखांक 7

ब्रिटिश माणसाने फ्रान्समध्ये बिऱ्हाड करण्याची प्रथा सुमारे दोनशे वर्षांची आहे. मात्र फ्रेंच समाजात मिसळण्याची गरज त्याला भासू लागली ती बरीच अलीकडे, आणि तीही फ्रेंच संस्कृतीच्या ओढीपेक्षा फ्रेंच कायद्याच्या रेट्यामुळे. एकोणिसाव्या शतकात येणारा ब्रिटिश रहिवासी बहुधा श्रीमंत, पुष्कळदा छातीच्या विकाराने आजारी आणि हिवाळ्यापुरता मुक्कामाला आलेला असे. ब्रिटनचे लॉर्ड चॅन्सलर राहिलेले हेन्री ब्रूम 1834 मध्ये इटलीकडे निघाले असता पटकीच्या साथीमुळे सार्डिनियाच्या राज्याची हद्द बंद झाली, म्हणून ते कान या तेव्हाच्या कोळ्यांच्या गावात थांबले. पुढे तेथेच त्यांनी बंगला बांधला आणि 1868 मध्ये त्यांचा मृत्यूही तेथेच झाला. त्यांच्यामागून आलेल्या धनिकांनी या किनाऱ्याचे रूपच पालटले. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या पो या शहरात ब्रिटिशांनी कोल्ह्यांची शिकार सुरू केली आणि 1856 मध्ये गोल्फ क्लब काढला, तो युरोप खंडाच्या मुख्य भूमीवरील पहिला मानला जातो. या वस्त्यांना स्वतःचे चर्च, स्वतःचे डॉक्टर, स्वतःचे क्लब होते आणि फ्रेंच माणसाशी संबंध येई तो घरमालक, दुकानदार किंवा नोकर म्हणून. 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटचा जो एकमेव सामना झाला, त्यात ब्रिटनविरुद्ध उतरलेल्या फ्रान्सच्या संघातही बहुतेक खेळाडू पॅरिसमध्ये राहणारे ब्रिटिशच होते, यावरून हा समाज किती स्वयंपूर्ण होता याची कल्पना येते.

आजच्या वस्तीचा चेहरा याहून निराळा आहे. ब्रेक्झिटच्या सुमारास फ्रान्समध्ये दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश नागरिक राहत होते आणि त्यांपैकी सुमारे पाव भाग नैऋत्येकडील नूव्हेल-आकितेन या प्रदेशात, विशेषतः दोर्दोन्य, शारांत आणि ओत-व्हिएन या ग्रामीण विभागांत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण शेतकरी शहरांकडे गेल्याने या भागात दगडी घरे व कोठारे ओस पडली होती. 1980 नंतर ब्रिटनमध्ये घरांचे भाव चढत गेले तसे लंडनच्या उपनगरातील साधे घर विकून येथे बागेसह मोठी वास्तू घेणे मध्यमवर्गीय निवृत्तांना परवडू लागले, आणि पुढे बेर्जराक व लिमोज यांसारख्या लहान विमानतळांवर स्वस्त विमाने उतरू लागल्यावर अंतराचाही प्रश्न उरला नाही. प्रोव्हान्समधील मेनेर्ब या गावात स्थायिक झालेल्या पीटर मेल यांचे 1989 मधील पुस्तक या स्थलांतराचे कारण म्हणून नेहमी सांगितले जाते. त्याने स्वप्न विकले हे खरे, पण लोकांना हलवले ते घरांच्या किमतीतील तफावतीने. दोर्दोन्यमधील एमे हे 1270 मध्ये वसवलेले, कमानींच्या चौकाचे गाव आता तेथील ब्रिटिश रहिवाशांसाठी आणि त्यांच्या क्रिकेट क्लबसाठी ओळखले जाते.

घर घेताना नवागताची गाठ प्रथम पडते ती ‘नोतेर’ या अधिकाऱ्याशी. हा खाजगी व्यवसाय करणारा, पण शासनाने नेमलेला विधिज्ञ असतो. स्थावर मालमत्तेचा कोणताही खरेदी-विक्री व्यवहार त्याच्या दस्ताविना पूर्ण होत नाही. प्राथमिक करार झाल्यावर खरेदीदाराला माघार घेण्यास दहा दिवसांची मुदत मिळते आणि सांडपाण्याची टाकी नियमांत बसते की नाही इथपर्यंतचे तपासणी-अहवाल विक्रेत्याला जोडावे लागतात. मात्र खरा धक्का असतो तो वारसाहक्काचा. इंग्लंडच्या कायद्यात मृत्युपत्र करणारा आपली मालमत्ता बहुतांशी मर्जीप्रमाणे वाटू शकतो. उलट 1804 च्या नेपोलियनच्या नागरी संहितेपासून चालत आलेल्या फ्रेंच कायद्यात मुलांचा वाटा राखीव असतो, म्हणजे एक मूल असल्यास निम्मा, दोन असल्यास दोन-तृतीयांश आणि तीन किंवा अधिक असल्यास तीन-चतुर्थांश. दुसरेपणाच्या संसारात, आणि निवृत्त जोडप्यांत असे संसार पुष्कळ असतात, हा नियम फार जाचतो, कारण पतीच्या पश्चात पत्नीला राहत्या घरात सावत्र मुलांची भागीदारी पत्करावी लागू शकते, तर ज्या सावत्र मुलाला तिने प्रेमाने काही ठेवावे, त्याला करविभाग परका समजून साठ टक्के वारसा कर लावतो. ऑगस्ट 2015 पासून युरोपीय नियमाने आपल्या राष्ट्रीयत्वाचा कायदा निवडण्याची मुभा दिली, परंतु 2021 च्या फ्रेंच कायद्याने डावललेल्या मुलांना फ्रान्समधील मालमत्तेतून भरपाई मागण्याचा हक्क देऊन ती बरीचशी पातळ केली.

नोतेरनंतरचे ठिकाण म्हणजे ‘मेरी’, अर्थात गावचे पालिका कार्यालय. फ्रान्समध्ये जवळजवळ पस्तीस हजार ‘कम्यून’ आहेत आणि निम्म्याहून अधिक कम्यूनांची वस्ती पाचशेहून कमी आहे, त्यामुळे तेथील ‘मेर’ हा आपल्या महापौरापेक्षा सरपंचाला अधिक जवळचा असतो. जन्म-मृत्यूच्या नोंदी, विवाह, बांधकामाच्या परवानग्या, स्मशानभूमीतील जागा असे सारे याच एका खोलीतून चालते. खिडकीच्या झडपांचा रंग बदलायचा असला तरी येथे आगाऊ कळवावे लागू शकते. गावातील उत्सव समिती, वाचनालय, पेतांक या लोखंडी गोळ्यांच्या खेळाचे मंडळ ही 1901 च्या कायद्याखाली नोंदलेली ना-नफा मंडळे असतात आणि परक्या माणसाची गावाशी ओळख त्यांच्यामार्फतच होते. अशा समितीच्या सामूहिक जेवणाला पुष्कळ ठिकाणी आपले ताट, पेला आणि काटे-चमचे घरून आणायचे असतात, लांब मेजांवर ओळखी-अनोळखीचा भेद न करता बसायचे असते, आणि दोर्दोन्यमध्ये लसणाचे सूप तळाशी आले की त्यात तांबडी वाइन ओतून वाडगा तोंडाला लावणारे वयस्कर शेजारी अजूनही भेटतात. डॉक्टरच्या प्रतीक्षागृहात शिरताना उपस्थित सर्वांना उद्देशून ‘बाँजूर’ म्हणणे हा तेथील साधा शिष्टाचार आहे आणि तो न पाळणारा माणूस, मग तो कितीही सज्जन असो, उद्धट ठरतो. भाषा मोडकीतोडकी असलेली चालते. अबोलपणा चालत नाही.

या ग्रामजीवनातील सहभागाला राजकीय अंगही होते. मास्त्रिख्त कराराने युरोपीय संघाच्या नागरिकाला तो राहत असलेल्या सदस्य देशात स्थानिक निवडणुकीत मत देण्याचा व उभे राहण्याचा हक्क दिला, फ्रान्समध्ये तो 2001 च्या निवडणुकीपासून अमलात आला, आणि मेर होता येत नसले तरी ब्रेक्झिटपूर्वी सुमारे साडेसातशे ब्रिटिश नागरिक गावोगावच्या परिषदांवर निवडून आलेले होते. पाचशेहून कमी वस्तीच्या गावात परिषद सात किंवा अकरा जणांची असे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांतील एका जागेचे मोल कळते. ब्रिटन 31 जानेवारी 2020 रोजी संघातून बाहेर पडले आणि त्याच वर्षीच्या मार्चमधील निवडणुकीत या मंडळींना ना उभे राहता आले, ना मत देता आले. झेर्स विभागात 1984 पासून राहणाऱ्या एका ब्रिटिश महिलेने मतदारयादीतून नाव वगळल्याविरुद्ध दाद मागितली. पंधरा वर्षांहून अधिक काळ परदेशी राहिल्याने तिला 2016 च्या ब्रेक्झिट सार्वमतातही मत देता आले नव्हते. लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने 9 जून 2022 रोजी निर्णय दिला, की संघाचे नागरिकत्व सदस्य देशाच्या नागरिकत्वाला जोडलेले असल्याने त्याबरोबर हा हक्कही संपला. ब्रिटनने पंधरा वर्षांची अट जानेवारी 2024 मध्ये रद्द केली, त्यामुळे अशा व्यक्तीला आज वेस्टमिन्स्टरचा खासदार निवडता येतो, पण ज्या रस्त्यावरून ती रोज चालते त्या रस्त्याचा निर्णय घेणारा सदस्य निवडता येत नाही. कायद्याच्या भाषेत निर्णय अचूक असेल. न्याय्य म्हणणे कठीण आहे.

2020 अखेरपर्यंत आलेल्यांचे वास्तव्य ब्रिटन-संघ करारामुळे सुरक्षित राहिले आणि त्यांना विशेष निवासपत्रे मिळाली. त्यानंतर येणाऱ्याला मात्र 180 दिवसांत 90 दिवसांची मर्यादा आहे, अधिक राहायचे तर दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो, आणि त्यासाठी पुरेसे उत्पन्न व आरोग्यविमा दाखवावा लागतो. आरोग्यव्यवस्थेत नाव नोंदल्यावर हिरवे ‘कार्त व्हिताल’ मिळते. नोंदलेल्या डॉक्टरच्या तपासणी-शुल्कातील सत्तर टक्के, त्यातून दोन युरो वजा जाता, सरकारी विमा परत देतो आणि उरलेल्यासाठी ‘म्युत्युएल’ हा पूरक विमा घेण्याची रीत आहे. कायमचा तोडगा एकच, फ्रेंच नागरिकत्व. त्यासाठी साधारणतः पाच वर्षांचे वास्तव्य आणि मुलाखत लागते, तर भाषेची पातळी 1 जानेवारी 2026 पासून बी-1 वरून बी-2 वर नेण्यात आली आहे, म्हणजे आता दैनंदिन संभाषण पुरत नाही, एखाद्या विषयावर फ्रेंचमध्ये वाद घालता आला पाहिजे. फ्रान्सचे किंवा आयर्लंडसारख्या अन्य सदस्य देशाचे नागरिकत्व ज्यांनी मिळवले आहे, त्याच ब्रिटिशांना ग्रामपरिषद निवडणुकीत मतदानाचा आणि उमेदवारीचा हक्क आहे.